किनवट: अलीकडे सहस्रकुंड, पलीकडे माहूर

नांदेडच्या सरकारी कचेऱ्यांत कुणाची बदली किनवटला झाली की त्याच्या टेबलाभोवती चार-पाच जण जमतात. चहा येतो. कुणी म्हणतं, "काढायची दोन-तीन वर्षं." कुणी म्हणतं, "हवा चांगली आहे हो तिकडची." आणि एखादा मुरलेला माणूस कुणाला भेटलं म्हणजे ऑर्डर फिरते ते हळूच कानात सांगतो. हा प्रकार मी लहानपणापासून बघत आलोय आणि दर वेळी मला त्याची गंमत वाटते, कारण माझं आजोळ किनवटचं. लोक जिथं जायच्या नावानं तोंड पाडतात तिथं आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत उड्या मारत जायचो.

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं टँकर येतो, रिकामे हंडे येतात, उघडे माळ येतात. त्यात खोटं काही नाही. पण नांदेडहून भोकर, हिमायतनगर मागं टाकून इस्लापूरकडं निघालं की चित्र पालटतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी साग सुरू होतो. मधूनमधून ऐन, धावडा, मोह, तेंदू. टेकड्यांच्या उतारावर सालई. पाऊसही इथं चांगला, हजार मिलिमीटरच्या वर. मराठवाड्याच्या वाट्याला जंगल मुळातच चिमूटभर आलेलं, आणि त्यातलं नाव घेण्याजोगं बरंचसं किनवट आणि माहूर या दोन तालुक्यांत. एवढं जंगल उशाला असल्यावर गाव त्याच्यावरच जगणार. किनवट जगलंच. पण जंगलातून बाहेर काय गेलं, आत काय आलं आणि मधल्या मध्ये गावाच्या हाताला काय लागलं, हा हिशेब कुणी मांडलेला मला दिसला नाही. आता ऊठसूट सगळे 'निसर्ग पर्यटन' म्हणायला लागलेत, तर तो निदान माझ्यापुरता मांडून बघावा म्हटलं.

गाव पैनगंगेच्या काठावर आहे. बुलढाण्याकडच्या अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून वर्धेला मिळेपर्यंत ही नदी बराच काळ दोन राज्यांच्या मधून वाहत आली. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हापासून पलीकडचा काठ इंग्रजी आणि अलीकडचा मोगलाई. 1902 साली कर्झननं वर्षाला 25 लाखांच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि ही वाटणी पक्की झाली. माझी पणजी नदीपल्याडच्या गावांना शेवटपर्यंत 'इंग्रजीतली गावं' म्हणायची, असं आई सांगते. इंग्रज जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली तरी तिच्या तोंडून ते गेले नव्हते. रझाकारांच्या दिवसांत हाच काठ लोकांच्या कामी आला. रात्रीची नदी ओलांडली की निजामाची हद्द संपायची. अलीकडं बायकामुलांना ठेवायची सोय नव्हती आणि पलीकडं स्टेट काँग्रेसच्या माणसांचे कॅम्प होते.

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीचे काही कागद होते. उर्दूतले, वर फसली सन, म्हणजे निजामाच्या महसुलाचं वर्ष. त्यात 590 मिळवले की आपला सन निघतो, हे गणित आजोबांनी मला अंकगणिताच्या पुस्तकाआधी शिकवलं. त्या कागदांवर जिल्हा म्हणून नांदेड कुठंच नाही. जिल्हा आदिलाबाद. कलेक्टरला तेव्हा अव्वल तालुकदार म्हणत. तो आदिलाबादला बसायचा. त्याच्यावरचा सुभा वरंगळचा, त्याच्यावर हैदराबाद. म्हणजे किनवटच्या माणसाला वरच्या साहेबाकडं दाद मागायची तर त्यानं पूर्वेला जायचं. औरंगाबादशी त्याचा कागदोपत्री संबंध यायचं काही कारणच नव्हतं.

1 नोव्हेंबर 1956 ला हे सगळं एका दिवसात फिरलं. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला, एवढं शाळेत शिकवतात. त्या कापाकापीतल्या कडा मात्र शिकवत नाहीत. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल नांदेडला जोडलं गेलं. बदल्यात नांदेडच्या मुधोळ तालुक्यातला मुधोळ, भैंसा, कुबेरचा भाग आणि देगलूरमधली बिचकुंदा, जुक्कल ही सर्कलं तिकडं गेली. मुधोळबरोबर बासरची सरस्वती गेली. नांदेडची जुनी मंडळी तिचं नाव निघालं की अजून हळहळतात. तिच्या बदल्यात साग आला याचा आनंद झालेला माणूस मला भेटलेला नाही. राजुरा तर नांदेडकडं तीनच वर्षं राहिला, 1959 ला तो चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला गेला. किनवट राहिलं. माझे आजोबा एकाच घरात राहून निजामाचं संस्थान, हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई आणि 1960 नंतर महाराष्ट्र अशा चार कारभारांचे रहिवासी झाले. त्यांना तेलुगू बोलता यायचं, उर्दू लिहिता यायचं, बाजारापुरती गोंडी समजायची, आणि मराठी त्यांच्या मते सरकारनं उशिरा सक्तीची केलेली घरची भाषा होती.

रेषा कागदावर ओढली तरी सोयरिकी तिच्या दोन्ही बाजूंना राहतात. पौषी अवसेला केसलापूरच्या नागोबाची जत्रा भरते ती आदिलाबादकडं, पण इकडचे गोंडही तिथं जातात. बंजाऱ्यांचं तर याहून अवघड. तेलंगणातल्या लंबाड्यांना 1976 च्या कायद्यानं अनुसूचित जमातीत घातलं. आपल्याकडं तोच समाज विमुक्त जातीत आहे. हद्दीवरच्या तांड्यांत मामाची मुलं एका यादीत आणि आत्याची दुसऱ्या. शाळेच्या दाखल्यासाठी कुणाच्या घरी कुणाला ठेवायचं यावर जेवढी खलबतं त्या तांड्यांत होत असतील तेवढी मंत्रालयातही होत नसतील.

आता सागाकडं येतो.

निजामाच्या काळात मुदखेडहून आदिलाबादकडं मीटरगेजचा फाटा निघाला आणि तो किनवटवरून गेला. प्रवाशांची सोय झाली हे खरं, पण त्या फाट्याचं पोट मालानं भरायचं: कापूस आणि लाकूड. किनवटची पेठ या रुळांच्या बळावर वाढली. वनखात्याच्या डेपोत ओंडक्यांच्या थप्प्या लागायच्या; प्रत्येक ओंडक्याच्या तोंडाशी खात्याच्या हातोड्यानं मारलेला ठसा आणि रंगानं घातलेला नंबर. लिलावाच्या दिवशी हैदराबाद, नांदेड, अकोल्याचे व्यापारी यायचे. आजोबा एका व्यापाऱ्याकडं मुनीम होते. ओंडक्याची गोलाई टेपनं मोजून घनफूट तोंडी काढायचे आणि माल बघण्यापूर्वी नाक लावायचे. वास घेऊन साग कुठल्या बीटचा ते सांगतो, असा त्यांचा दावा होता. मला त्यात थोडी बढाई वाटायची, अजूनही वाटते.

त्या गल्लीत आरा मशीनचा आवाज दिवसभर असायचा, आणि भुसा कुणी फेकून देत नसे. आजीची थंडीतली चूल म्हणजे भुशाची शेगडी. डालड्याचा मोठा रिकामा डबा, खाली बाजूला एक भोक पाडलेला. त्या भोकातून एक गोल दांडा आडवा सारायचा, डब्याच्या मधोमध काचेची बाटली उभी करायची आणि भोवती भुसा मुठीमुठीनं घालून मुसळाच्या बुडानं ठासायचा. सगळी करामत त्या ठासण्यात. सैल राहिला तर बाटली काढताना भिंत ढासळते आणि सगळं पहिल्यापासून. नीट ठासला की बाटली हलकेच गोल फिरवत वर ओढायची, दांडाही तसाच फिरवत बाहेर काढायचा, आणि खालच्या बोगद्यात चिंधी पेटवून द्यायची. मग ती शेगडी आतल्या आत तासन् तास जळत राही. सकाळी सातला लावली की दुपारचं पाणी तापेपर्यंत बघायला नको. भुसा ओला असला तर मात्र घरभर धूर आणि आजीच्या तोंडून आरा मशीनवाल्याच्या सात पिढ्या. सागाची फळी बांधून मुंबई-हैदराबादला गेली. गावाच्या वाट्याला हा भुसा आला, असं आजोबा स्वतःच म्हणायचे, आणि हसायचे, कारण पगार त्यांना त्या फळीतूनच मिळायचा.

गावाच्या वाट्याला भुसा आला असेल, पण ज्यांचं जंगल होतं त्यांच्या वाट्याला तोही आला नाही. हे सांगितल्याशिवाय किनवटचा इतिहास लिहिणं म्हणजे दुकानदाराचीच वही वाचणं. ही सगळी मुळात गोंडांची आणि कोलामांची वस्ती; सोबत आंध, परधान, मन्नेरवारलू. राखीव जंगलाच्या रेषा पडल्या तेव्हा त्यांची शेतं त्या रेषांच्या आत गेली. रेल्वे आणि सडक आली तसे बाहेरचे कास्तकार, सावकार, व्यापारी आले आणि उरलेली जमीन कागद नसलेल्याच्या हातून कागद असलेल्याच्या हातात गेली. याच आदिलाबाद जिल्ह्यात 1940 साली जोडेघाटला गोंडांच्या बंडाचा पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीनं मारला गेला. हे असं का झालं ते शोधायला निजाम सरकारनं ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला जंगलात पाठवलं. लढाईच्या धामधुमीत शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हैदराबाद संस्थानात अडकून पडलेला माणूस तो, आणि गोंडांची बाजू सरकारदरबारी मांडायचं काम त्याच्याकडं आलं. त्याच्या प्रयत्नांनी काही पट्टे मिळाले, मारलावाईला गोंड शिक्षक तयार करायची शाळा निघाली. महाराष्ट्रात आल्यावर 1974 साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. काही परत मिळाल्या. आजोबांच्या पेटीतले ते उर्दू कागद मूळच्या कुणाच्या जमिनीचे होते, हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही, आणि विचारायची आता सोयही राहिली नाही. आजोबांच्या मागं मामांनी ती जमीन विकली.

दिवाळीत मात्र जंगल गावात यायचं. दंडारीची, म्हणजे गोंडांच्या दिवाळीतल्या नाचाची माणसं वाजतगाजत पेठेतून जायची, पुढं घुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा हा एवढा घेराचा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी. मुकुटाचा भार एवढा की मान सरळ ठेवूनच नाचावं लागतं. त्यामुळं सगळा नाच गुडघ्यात आणि पावलात. त्या मुकुटाच्या खालच्या कडेला शिवलेले छोटे आरसे मी अगदी जवळून पाहिलेत, एकात माझं नाकही पाहिलंय. दुकानदार गल्ल्यातून नोट काढून द्यायचे, पाया पडायचे. वर्षभर ज्याच्याशी तराजूवरून भांडायचं त्याच्याच पाया त्या एका आठवड्यात पडायचं, याचं पेठेला काही वाटत नसे.

आणि नगरपालिका? ती या सगळ्यात कुठं होती?

मराठवाड्यातल्या पालिकांचा कारभार आधी हैदराबादच्या 1956 च्या कायद्यानं चालायचा. बघा योग, ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी हैदराबाद राज्य मोडलं. कायदा मात्र इकडं तसाच चालू राहिला. मग 1965 साली साऱ्या महाराष्ट्राला एकच नगरपालिका कायदा आला. लोकसंख्येनुसार अ, ब, क असे वर्ग पडले, आणि लहान गावांना क वर्ग मिळाला. किनवट त्यातलंच. क वर्गाची पालिका म्हणजे काय हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. नळ, दिवे, गटारं, आठवडी बाजाराची वसुली, जन्ममृत्यूची नोंद, आणि सभेत नळावरून भांडण. 1993 च्या घटनादुरुस्तीनंतर बायकांना तिसरा हिस्सा मिळाला, 2011 पासून निम्मा. त्याआधी पालिकेत शिरलेल्या बायका म्हणजे बहुतेक रांगेत हंडे घेऊन आलेल्या, एवढं मला आठवतं.

पण जुन्या पालिकेकडं एक गोष्ट होती जी आताच्या पालिकेकडं नाही: जकात नाका. गावाच्या तोंडाशी एक खोली, समोर आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला दोरीनं बांधलेला दगड. आत कंदील, कार्बनची पावतीबुकं आणि कानावर पेन्सिल खोचलेला कारकून. ट्रकला आधी वनखात्याचा नाका लागायचा, तिथं टीपी, म्हणजे लाकूड नेण्याचा परवाना दाखवायचा, ठसे जुळवायचे. मग पालिकेचा. मोठे मामा म्हणायचे, एक विचारतो झाड कुठलं, दुसरा विचारतो पैसे कुठले. गावात येणाऱ्या मालावर जकात, म्हणजे आरा मशीनला येणाऱ्या लाकडावरही. रक्कम काय फार नव्हती, आणि त्यातली सगळी पावतीवर चढत होती असंही नाही. तरी जंगलातला एक पैसा पालिकेच्या तिजोरीत पडायची ती एकमेव वाट होती.

ती दोन टप्प्यांत बंद झाली. 12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आला. आराखड्याशिवाय तोड बंद, विनापरवाना आरा मशीन बंद. देशातल्या जंगलाच्या दृष्टीनं तो आदेश हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. किनवटच्या आजूबाजूच्या कित्येक टेकड्या तोवर बोडक्या झालेल्याच होत्या आणि हद्दीचा फायदा घेऊन रातोरात लाकूड कसं सरकायचं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आजोळच्या गल्लीतला आवाज हळूहळू कमी होत गेला आणि आजीनं गॅस घेतला. मग 1999 साली राज्यातल्या नगरपालिकांची जकातच गेली. बांबू उचलला गेला, खोलीत पानटपरी आली. जकातीच्या बदल्यात सरकारकडून अनुदान सुरू झालं. तेव्हापासून पालिकेचं जंगलाशी देणंघेणं उरलं नाही; मुंबईहून येईल त्यात पगार भागवायचे आणि उरलं तर खडी टाकायची.

त्याच 1996 च्या डिसेंबरात, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर बारा दिवसांनी, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा झाला. मराठवाड्यातलं अनुसूचित क्षेत्र म्हणजे हाच किनवट-माहूरचा पट्टा. पुढं 2006 ला वनहक्क कायदा आला. त्यामुळं आता पाड्यावरच्या ग्रामसभेला तेंदूपत्त्याबद्दल, मोहाबद्दल, बांबूबद्दल निदान कायद्यानं तरी तोंड आहे. मिळायला उशीरच झाला, पण मिळालं. शहराला ग्रामसभा नसते. पालिकेच्या हद्दीचा दगड जिथं संपतो तिथून वनखातं सुरू होतं, आणि त्या दगडाच्या आतल्यांना जंगलाबद्दल विचारायची कुणाला गरज नाही. मला यात अन्याय वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या पेठेनं जंगलाकडून घेतलं, पाड्यांना काही विचारलं नाही; आता पाड्यांना विचारतात, पेठेला नाही. फिट्टंफाट. फक्त ही वस्तुस्थिती ध्यानात न घेता जेव्हा कुणी 'किनवट पर्यटननगरी' असा फलक लावतो तेव्हा मला हसू येतं.

कारण पर्यटकांना दाखवायचं ते सगळं हद्दीबाहेर. सहस्रकुंड इस्लापूरजवळ, म्हणजे नांदेडहून येताना किनवटच्या अलीकडं. लोक सकाळी निघतात, धबधबा बघतात, काठावर डबा खातात आणि तिथूनच मागं फिरतात. माहूर पलीकडं, रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया, किल्ला. साडेतीन पीठांतलं एक पूर्ण पीठ. तिथं पुसद, आर्णीकडूनही सरळ जाता येतं, आणि 1999 पासून माहूर वेगळा तालुकाच झाला. उनकेश्वरचे गंधकाच्या गरम पाण्याचे झरे एका अंगाला, वझऱ्याचा शेख फरीदचा धबधबा माहूरकडं. किनवट या सगळ्यांच्या मधोमध, पण थांबायचं कारण काही नाही. बसस्टँडसमोरच्या हॉटेलवाल्या मामांनी मला एकदा सगळा पर्यटन विकास दोन वाक्यांत सांगितला. "गाड्या लई येतेत. चहा पितेत, संडास कुठाय इचारतेत अन् माहूरला जातेत." त्यांचा कप, पालिकेचं पाणी, पालिकेची गटार, दक्षिणा माहूरला. नवरात्रात तर गाड्यांच्या मागं प्लास्टिकचा सडाच पडतो आणि तो उचलायला वनखातं येत नाही.

पाण्याचंही तेच. सहस्रकुंड फोटोत जेवढं दिसतं तेवढं ते ऑगस्ट-सप्टेंबरात खरोखर असतं. काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून नदी फुटून येते, धारा मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही म्हणून सहस्र. एका काठावर मराठवाडा, दुसऱ्यावर विदर्भ, आणि दोन्ही काठांवरचे भुट्टेवाले सांगतात की खरा धबधबा आमच्याच बाजूनं दिसतो. पण ही नदी आता वरच्या इसापूर धरणाच्या दारांवर चालते. धरण भरलं, दारं उघडली की धबधबा. नाही तर नुसता खडक. आणि उन्हाळ्यात खालच्या गावांचे नळ कोरडे पडायला लागले की 'इसापूरचं पाणी सोडा' म्हणून निवेदनं सुरू. ते धरण आमच्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, त्याचा निर्णय घेणारे आणखी वर.

अलीकडं गावात वाघाची चर्चा जोरात असते. 2019 साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात कॉलर घालून, महाराष्ट्र-तेलंगणाच्या हद्दीत इकडून तिकडं भटकत पैनगंगेच्या खोऱ्यातून पुढं बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटर चालला. नंतर टिपेश्वरचेच वाघ गौताळ्यात आणि येडशीच्या रामलिंगलाही दिसले. म्हणजे मराठवाड्यात वाघ परत येतोय तो याच जंगलांच्या, ओढ्याकाठच्या झाडोऱ्याच्या आधारानं. यावरून लगेच "आपल्याकडंही सफारी सुरू करा" अशी मागणी. जिप्सी आल्या की हॉटेलं येतील, रिसॉर्ट येतील, पोरांना काम मिळेल. मला भीती वाटते ती वेगळीच. पहिल्यांदा साग नेणारे आले तेव्हाही पोरांना काम मिळालं होतं. ठेका मिळाला बाहेरच्यांना, मोळ्या उचलल्या पाड्यावरच्यांनी, हिशेब लिहिला आमच्या आजोबांनी. जिप्सीतही बसवणारा कोण आणि दार उघडणारा कोण, हे आत्ताच डोळ्यांपुढं दिसतंय. पालिकेकडं तर आता बांबूही नाही आडवा घालायला.

माझं म्हणणं विचाराल तर किनवटनं जंगल दाखवायच्या मागं लागूच नये. ते ज्यांचं आहे त्यांना दाखवू द्यावं, त्यांच्या ग्रामसभेच्या अटींवर. पालिकेनं स्वतःचं गाव दाखवावं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. बसस्टँडला धड स्वच्छतागृह बांधावं, हे सगळ्यांत आधी. हॉटेलवाल्या मामांचा निम्मा पर्यटन विकास तेवढ्यात होईल. मग जुन्या पेठेतले सागाचे वाडे आहेत, ज्यांच्या तुळया आज कुठल्याही किमतीला मिळणार नाहीत. त्यांतले जे पडायच्या बेतात आहेत त्यांची निदान मोजमापं घ्यावीत, फोटो काढून ठेवावेत. घराघरांतल्या पेट्यांत उर्दू कागद आहेत. वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत आणि पुढच्या दहा वर्षांत तीही नसतील. एखाद्या सुट्टीत पोरांना बसवून ते वाचून घ्यावेत. आठवडी बाजारात एका ओळीत मराठी, दखनी, तेलुगू, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि गोंडी ऐकू येते, हे मराठवाड्यात दुसरीकडं कुठं ऐकायला मिळतं ते मला कुणी सांगावं. एकाच बाईनं मोहफुलाचा भाव तीन गिऱ्हाइकांना तीन भाषांत सांगितलेला मी ऐकलाय. भाव तिन्ही भाषांत वेगळा होता, ती गोष्ट निराळी.

तर येत्या पावसाळ्यात सहस्रकुंडला निघालात तर मागं फिरू नका, पुढं या. रेल्वेनं आलात तर उत्तमच. मीटरगेजची आता ब्रॉडगेज झालीय, नंदीग्राम थांबते, कृष्णा थांबते, आणि सहस्रकुंड नावाचं स्टेशनही वाटेत आहे. बाजाराचा दिवस आधी कुणाला तरी विचारून ठेवा. चारोळी घ्यायची तर सुट्टी घ्या, पाकिटातली घेऊ नका, आणि चाखून घ्या, जुनी खवट लागते. रस्त्याचं काम बरीच वर्षं चालू आहे, तेव्हा कुणी तीन तास सांगितले तर चार धरा. सोबत सुटे पैसे असू द्या. इस्लापूरच्या पुढं मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि मोह विकणारी ती बाई फोनवरून पैसे घेत नाही.